फर्मवेअर अपडेटनंतर प्रोसेसरचा आवाज मध्येच जातोय, चित्र मात्र नीट चालू राहतं

नाशिककर_७१४

नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे. माझ्याकडे वेगळा होम थिएटर प्रोसेसर आणि त्याला जोडलेले दोन पॉवर ॲम्प असा ७.१.४ सेटअप आहे, म्हणजे भोवती ७ स्पीकर, १ सबवूफर आणि वर छताकडचे ४. डिस्क प्लेअर आणि स्ट्रीमिंग बॉक्स दोन्ही रॅकमध्येच प्रोसेसरच्या शेजारी, आणि टीव्ही समोरच्या भिंतीवर. टीव्हीकडे जाणारी एचडीएमआय केबल भिंतीतल्या पाइपातून वर छतात आणि मग परत खाली अशी गेलीय, साधारण १० मीटर असेल, फर्निचर केलं तेव्हा इलेक्ट्रिशियनने टाकलेली साधी तांब्याची.

गेली दोन-अडीच वर्षं सगळं अगदी व्यवस्थित होतं. मागच्या महिन्यात प्रोसेसरला नवीन फर्मवेअर आलं, ते टाकलं आणि त्या दिवसापासून टीव्हीतल्या ॲपवर सिनेमा लावला की मध्येच एक-दोन सेकंद आवाज पूर्ण गायब, चित्र चालूच, प्रोसेसरच्या डिस्प्लेवरचं ॲटमॉस (वरूनही आवाज आणणारा डॉल्बीचा फॉरमॅट) हे नाव विझतं, आतून रिलेचा टक असा आवाज येतो आणि मग सगळं परत सुरू. कधी दहा मिनिटं काही नाही आणि कधी लागोपाठ दोनदा. संवादाच्या मध्यात झालं की फार त्रास होतो, घरातले सगळे वळून माझ्याकडे बघतात.

बंद-चालू करून झालं, प्लग काढून अर्धा तास ठेवला, केबल काढून परत लावल्या. जिथून घेतला ते म्हणतात पुढच्या अपडेटची वाट बघा. फॅक्टरी रिसेट करायची भीती वाटतेय कारण कॅलिब्रेशन, म्हणजे खोलीप्रमाणे स्पीकर जुळवणं, एका जाणकार माणसाने येऊन अख्खा दिवस बसून केलं होतं. जुनं फर्मवेअर परत टाकता येतं का? आणि हे नक्की फर्मवेअरचंच आहे हे ओळखायचं कसं?

वायरमन_सातारा

दादा, रिसेटला अजिबात हात लावू नका, आधी बिघाड साखळीच्या कुठल्या कडीत आहे ते शोधू. तुम्ही लिहिलंय त्यात एक फार महत्त्वाची गोष्ट आहे, टीव्हीतल्या ॲपवर होतं. मग डिस्क प्लेअरवर होतं का? स्ट्रीमिंग बॉक्सवर होतं का? हे दोन्ही शांतपणे तासभर लावून बघा आणि कळवा. डिस्कवर ॲटमॉस ट्रूएचडी या काही न गमावता दाबलेल्या डॉल्बी फॉरमॅटमधून येतो, त्याचा डेटा स्ट्रीमिंगच्या कितीतरी पट जास्त असतो आणि तो त्याच प्रोसेसरच्या त्याच डीएसपीवर, म्हणजे आवाज हाताळणाऱ्या चिपवर, डिकोड होतो. तो न अडखळता चालला तर डिकोडर आणि पुढचे ॲम्प, स्पीकर या सगळ्यांवरचा संशय बराच कमी होतो.

दुसरं, टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचं सॉफ्टवेअर कधी बदललं ते बघा. टीव्ही रात्री स्टँडबायवर असताना स्वतःच अपडेट घेतात, ॲपसुद्धा गुपचूप बदलतात, आणि आपण फक्त आपल्या हाताने टाकलेलं अपडेट लक्षात ठेवतो. तिन्हींच्या तारखा एका कागदावर लिहा.

तिसरं, टीव्हीवर यूट्यूबचं एखादं साधं स्टीरिओ गाणं तासभर लावून ठेवा. तिथेही आवाज जातो का?

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला हो, नाहीतर बरं झालं तरी कशाने झालं ते कळत नाही.

मृण्मयी_पुणे

कॅलिब्रेशनबद्दल लिहिते कारण तिथे लोक घाबरून चुकीचं पाऊल टाकतात. डिरॅक लाइव्ह हे कॅलिब्रेशनचं सॉफ्टवेअर वापरून केलं असेल तर प्रोजेक्ट फाइल ज्याने केलं त्याच्या लॅपटॉपवर असणार, ती मागून घ्या आणि स्वतःकडे दोन ठिकाणी ठेवा. ऑडिसी हे तसलंच दुसरं असेल आणि फोनच्या ॲपमधून केलं असेल तर मोजमाप ॲपमध्ये सेव्ह राहतं, परत पाठवता येतं. काही प्रोसेसरमध्ये सगळं कॉन्फिगरेशन पेन ड्राइव्हवर किंवा ब्राउझरमधून सेव्ह करता येतं, तुमच्यात ती सोय आहे का बघा. आणि यातलं काही असो वा नसो, मोबाइल घ्या आणि मेन्यूच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा, स्पीकरचं अंतर, लेव्हल, क्रॉसओव्हर, कुठल्या इनपुटला काय नाव दिलंय, एचडीएमआयची पानं, सगळं. दहा मिनिटांचं काम आहे पण नंतर फार उपयोगी पडतं.

फोटो काढताना एचडीएमआयच्या पानांवर नीट लक्ष द्या ताई-दादांनो, कारण मोठ्या अपडेटनंतर कितीतरी मशीनमध्ये तिथल्या सेटिंग डिफॉल्टला जातात. स्पीकरचं सगळं जागेवर असतं म्हणून आपल्याला वाटतं काही बदललं नाही.

जुनं फर्मवेअर परत टाकण्याबद्दल, बहुतेक मशीनमध्ये वापरणाऱ्याला ती सोय दिलेली नसते, काहींमध्ये सर्व्हिस सेंटर पेन ड्राइव्हवरून करून देतं. इंटरनेटवर कुठेतरी सापडलेली फाइल टाकू नका, मॉडेल तेच असलं तरी प्रदेशाप्रमाणे व्हर्जन वेगळं असू शकतं. आणि अपडेट चालू असताना वीज गेली तर मशीन उठतच नाही अशी वेळ येऊ शकते, त्यामुळे त्या वेळी प्रोसेसर यूपीएसवर असलेला बरा.

नाशिककर_७१४

वायरमन काका, तुम्ही सांगितलं तसं केलं.

डिस्कवर संपूर्ण सिनेमा बघितला, ट्रूएचडी ॲटमॉस, एकदाही आवाज गेला नाही. रॅकमधल्या स्ट्रीमिंग बॉक्सवर तेच ॲप, तोच सिनेमा, तिथेही नाही. टीव्हीतल्या ॲपवर लावला की पंधरा मिनिटांच्या आत सुरू. यूट्यूबवर स्टीरिओ गाण्यात एखाद-दुसऱ्या वेळी गेल्यासारखं वाटलं पण ते फार कमी.

टीव्हीचं सॉफ्टवेअर दिवाळीच्या आधीचं आहे, त्यानंतर बदललेलं नाही. म्हणजे प्रोसेसरचंच अपडेट ना?

मृण्मयीताई, फोटो काढले. फाइल पण मागवली. ज्याने कॅलिब्रेशन केलं त्याने तेव्हाचे स्क्रीनचे फोटो पाठवले, ते शेजारी ठेवून बघितलं तर एकच फरक दिसला, तेव्हा मेन्यूमध्ये फक्त आर्क चालू होतं आणि ईआर्क बंद होतं. आता ईआर्क ऑटो आहे.

वायरमन_सातारा

सापडलं असं वाटतंय. नीट सांगतो, थोडं लांब होईल.

आर्क म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच एचडीएमआय केबलमधून उलटा प्रोसेसरकडे आणायची सोय, ती २००९ च्या एचडीएमआय १.४ मध्ये आली. त्यातून दोन चॅनलचं पीसीएम, म्हणजे न दाबलेला आवाज, किंवा दाबलेला ५.१ जातो, आणि डॉल्बी डिजिटल प्लस या दाबलेल्या फॉरमॅटमधला ॲटमॉससुद्धा बऱ्याच टीव्हींतून जातो. स्ट्रीमिंगवरचा ॲटमॉस त्याच प्रकारचा असतो, नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये सांगितलेला त्यांचा कमाल आकडा ॲटमॉससाठी ७६८ केबीपीएस आहे. म्हणून तुम्हाला जुन्या आर्कवरही डिस्प्लेवर ॲटमॉस दिसत होतं आणि काही कमी आहे असं कधी वाटलं नाही.

ईआर्क आला एचडीएमआय २.१ सोबत, २०१७ मध्ये. त्याची क्षमता ३७ एमबीपीएसपर्यंत आहे, आठ चॅनलचं न दाबलेलं पीसीएम, ट्रूएचडी सगळं जातं. पण तो चालतो कसा ते बघा. केबलमधल्या १४ आणि १९ नंबरच्या पिनांची जोडी करून त्या जोडीवरून आवाज येतो, आणि त्याच जोडीवरून टीव्ही आणि प्रोसेसर सतत एकमेकांना मी आहे, मी आहे असं कळवत असतात. हे कळवणं मध्ये चुकलं की दोघंही जोडणी तोडून परत पहिल्यापासून जोडतात. तुमचा तो टक आवाज, डिस्प्लेवरचं नाव विझणं, एक-दोन सेकंदांची शांतता, हे सगळं त्या परत जोडण्याचं लक्षण आहे. चित्र वेगळ्या तारांवरून उलट्या दिशेने जातं म्हणून त्याला काही होत नाही.

आता केबल. ईआर्कसाठी त्या दोन तारा एकमेकींना पिळलेल्या आणि वरून शील्ड असलेल्या हव्यात. ज्या केबलवर विथ इथरनेट असं लिहिलेलं असतं तिच्यात ती जोडी असते, अल्ट्रा हाय स्पीडमध्ये तर असतेच. जुन्या साध्या हाय स्पीड केबलमध्ये त्या तारा नुसत्या असतात, जोडी नसते. आर्क तसल्या केबलवर निभावून जातो, ईआर्क छोट्या लांबीत कधी चालून जातो, पण १० मीटर आणि तीही भिंतीतून, कदाचित विजेच्या तारांच्या शेजारून, म्हणजे अवघडच आहे.

म्हणजे अपडेटने बिघाड आणला असं म्हणण्यापेक्षा अपडेटने ईआर्क चालू केला आणि केबलला तो झेपत नाही असं माझं मत. तपासणी अशी करा, टीव्हीमध्ये ईआर्क बंद करा, फक्त आर्क ठेवा, आणि तोच सिनेमा लावा. ईआर्क बंद केल्यावर आवाजच आला नाही तर टीव्ही आणि प्रोसेसर दोन्हीकडे सीईसी, म्हणजे एचडीएमआयवरून एकमेकांना आज्ञा देण्याची सोय, चालू आहे का बघा, आर्कला सीईसी लागतं.

डोंबिवली_डीआयवाय

काका, माहिती छान दिलीत पण एका गोष्टीवर माझं वेगळं मत आहे. फर्मवेअर निर्दोष आणि केबल दोषी असं दर वेळी म्हणणं बरोबर नाही, त्याने कंपन्यांना सूट मिळते. २०२० मध्ये एचडीएमआय २.१ च्या रिसीव्हरमधल्या चिपचं प्रकरण आठवा, नव्या गेम कन्सोलवरून ४के १२० हर्ट्झ लावलं की पडदा काळा. लोक बिचारे केबली बदलत बसले आणि शेवटी दोष चिपमध्येच निघाला, तो फर्मवेअरने सुटला नाही, कुणी वेगळा ॲडॉप्टर दिला, कुणी बोर्ड बदलून दिला. त्यामुळे नाशिककर दादा, तपासणीत केबल निर्दोष निघाली तर गप्प बसू नका, लेखी तक्रार करा.

तक्रारीत आवाज जातो एवढंच लिहिलं तर कुणी लक्ष देत नाही. प्रोसेसरचं आधीचं आणि आताचं व्हर्जन, टीव्हीचं मॉडेल आणि त्याचं व्हर्जन, कुठलं ॲप, कुठला फॉरमॅट, केबलची लांबी आणि प्रकार, डिस्कवर होत नाही हे, आणि मोबाइलवर काढलेला एक व्हिडिओ ज्यात डिस्प्ले विझताना दिसतो. एवढं दिलं तर इंजिनिअरला आपल्या टेबलावर तोच बिघाड करून बघता येतो.

आणि अजून एक. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ऑटो आहे की पास-थ्रू (आलेला आवाज तसाच पुढे पाठवणं) ते बघा. ईआर्क मिळाला की काही टीव्ही ऑटोमध्ये डॉल्बी डिजिटल प्लस तसाच न पाठवता आधी स्वतः उलगडतात आणि डॉल्बी मॅट नावाच्या मोठ्या पाकिटात घालून पाठवतात. डेटा एकदम कितीतरी वाढतो आणि अर्धवट केबल तिथे लगेच उघडी पडते. पास-थ्रू केलं तर फरक पडतो का बघा.

कोल्हापूर_स्टीरिओ

माझ्याकडे पीसीएम केलं की थांबायचं. टीव्हीत आउटपुट पीसीएम करा, विषय संपला.

वायरमन_सातारा

कोल्हापूरकर, पीसीएमने थांबतं हे खरं असेल पण त्यावरून निष्कर्ष काढताना जपून. पीसीएममध्ये एखादा नमुना चुकला तर फार तर एक बारीक टिक येते, सिनेमाच्या गोंगाटात ऐकूही येत नाही. डॉल्बीसारख्या दाबलेल्या प्रवाहात मात्र एक तुकडा फाटला की तपासणीची बेरीज जुळत नाही आणि डिकोडर अख्खी फ्रेमच टाकून देतो, स्पीकरमधून खरखराट जाऊ नये म्हणून वर म्यूटही करतो. म्हणजे तारेवरची चूक तेवढीच, पण एकात ती लपते आणि दुसऱ्यात शांतता होऊन ऐकू येते. त्यामुळे पीसीएमवर नीट चाललं म्हणून डिकोडर खराब असं सिद्ध होत नाही. आणि आर्कवर पीसीएम म्हणजे दोनच चॅनल, ११ स्पीकर लावून स्टीरिओ ऐकायचं हे काही पटत नाही.

डोंबिवलीकरांचं म्हणणं मान्य आहे, फर्मवेअरमध्ये खरे दोष असतातच. म्हणूनच केबलची वेगळी परीक्षा हवी, नुसता माझा अंदाज नको. नाशिककर, रॅकपासून टीव्हीपर्यंत जमिनीवरून सरळ किती अंतर आहे? ५ मीटरच्या आत असेल तर अल्ट्रा हाय स्पीडचं लेबल असलेली एक केबल आणा, लेबलवर क्यूआर असतो तो एचडीएमआयच्या ॲपने स्कॅन करून खरी आहे का बघा, बाजारात नुसतं ८के छापलेल्या खूप आहेत. ती एक संध्याकाळ जमिनीवरून टाका, ईआर्क चालू ठेवा, ऑटो ठेवा, आणि बघा. त्यातूनही आवाज गेला तर मी स्वतः म्हणेन की अपडेटच खराब आहे.

नाशिककर_७१४

सगळं झालं, एकेक सांगतो.

आधी पास-थ्रू केलं, ईआर्क चालू ठेवून. आवाज जाणं बरंच कमी झालं पण थांबलं नाही. मग ईआर्क बंद करून नुसतं आर्क ठेवलं, सीईसी चालू होतं त्यामुळे आवाज लगेच आला, डिस्प्लेवर ॲटमॉस आहेच, आणि सिनेमा शेवटपर्यंत एकदाही न अडखळता चालला. दुसऱ्या दिवशी क्रिकेटची मॅच सकाळपासून लावून ठेवली, तिथेही काही नाही.

जमिनीवरून अंतर चार मीटरच्या आसपास निघालं. मित्राकडून लेबलवाली केबल आणली, क्यूआर स्कॅन केला, खरी निघाली. ती खालून टाकून ईआर्क चालू, आउटपुट परत ऑटो, म्हणजे सगळ्यात वाईट स्थिती जी होती तीच, आणि दोन सिनेमे पाठोपाठ बघितले. एकदाही नाही. परत भिंतीतली केबल लावली, वीस मिनिटांत आवाज गेला.

म्हणजे भिंतीतली केबल हे आता नक्की. तिच्या प्लगजवळ टॉर्च मारून बघितलं, हाय स्पीड एवढंच छापलंय, इथरनेटचा उल्लेखच नाही. फर्मवेअर परत मागे नेण्याची गरज उरली नाही याचा फार आनंद आहे, आणि रिसेट न करायला सांगितलंत त्याबद्दल खरंच आभार, कॅलिब्रेशन आहे तसं वाचलं.

आता प्रश्न असा की पुढे काय? आर्कवरच राहू की केबल बदलू? बदलायची तर भिंत न फोडता कशी, आणि १० मीटरसाठी ऑप्टिकल घेऊ का?

मृण्मयी_पुणे

तुम्ही टीव्हीतली ॲप वापरणार असाल आणि डिस्क प्लेअर, बॉक्स दोन्ही थेट प्रोसेसरला असतील तर आर्कवर राहून तुमचं काहीच अडत नाही. स्ट्रीमिंगचा ॲटमॉस दोन्ही रस्त्यांनी तोच येतो. ईआर्क खरा लागतो तो टीव्हीलाच डिस्क प्लेअर किंवा गेम कन्सोल जोडला असेल आणि ट्रूएचडी किंवा मल्टीचॅनल पीसीएम परत आणायचं असेल तेव्हा. त्यामुळे घाई नको, पण रंगकाम वगैरे निघणार असेल तर त्याच वेळी केबल बदलून घ्या.

आणि हो, प्रोसेसरमध्येही ईआर्क बंद करून ठेवा, नुसतं टीव्हीत नको, नाहीतर टीव्हीने पुढचं अपडेट घेतलं की परत तेच. प्रत्येक अपडेटनंतर ते पान उघडून बघायची सवय लावा.

वायरमन_सातारा

बदलायची तर १० मीटरला ऑप्टिकलच घ्या, त्या लांबीला साध्या तांब्याच्या केबलवर ४८ जीबीपीएसची अपेक्षा ठेवू नका. पण घेताना खोक्यावर ईआर्क चालतो असं स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे. ऑप्टिकलमध्ये चित्र काचेच्या धाग्यांतून जातं, पण ईआर्कच्या तारा बऱ्याच केबलींत अजूनही तांब्याच्याच असतात आणि स्वस्त मालात तिथेच काटकसर केलेली असते. केबलला दिशा असते, सोर्स लिहिलेलं टोक प्रोसेसरकडे आणि डिस्प्ले लिहिलेलं टीव्हीकडे, उलटी टाकली तर चित्रच येणार नाही आणि तोपर्यंत ती भिंतीत गेलेली असेल.

ओढण्याआधी पाइपाची आतली रुंदी आणि प्लगची रुंदी मोजा, कोपऱ्यातले बेंड बघा. प्लग जात नसेल तर टोकाचा प्लग सुटा होणाऱ्या केबल मिळतात, छोटं टोक ओढून घ्यायचं आणि मग मोठं लावायचं. जुनी केबल ओढून काढताना तिच्या शेपटाला मजबूत नायलॉनची दोरी बांधा म्हणजे पाइपात दोरी राहते, इलेक्ट्रिशियनची स्प्रिंग घालावी लागत नाही. नवीन केबल ओढताना जोर दोरीवर आणि केबलच्या अंगावर यायला हवा, प्लगवर नाही, आणि कोपऱ्यात ती घट्ट मुडपू देऊ नका, काचेचा धागा तुटला की ती केबल गेली. २३० व्होल्टच्या तारा त्याच पाइपात असतील तर मात्र थांबा, वेगळी केसिंग पट्टी मारून बाहेरून घ्या, ते नियमानेही बरोबर आणि जिवालाही.

सगळ्यात महत्त्वाचं, नवीन केबल आधी जमिनीवर पसरून दोन्ही टोकं लावा, ईआर्क ऑटो ठेवून एक पूर्ण सिनेमा बघा, आणि मगच भिंतीत घाला.

नाशिककर_७१४

पाइपात दुसऱ्या कुठल्या तारा नाहीत, तपासलं. बेंड दोन आहेत. सध्या दोन्हीकडे ईआर्क बंद केलंय, आणि पाडव्याच्या आधी रंगकाम आहे तेव्हा सुट्या प्लगवाली ऑप्टिकल टाकून घेतो. जमिनीवर चालवून बघितली की इथे कुठली घेतली आणि कशी चालली ते लिहीन.